वसुलीवाल्याला सगळ्यांनी ऐकलं

इस्पितळाच्या धुलाईघरात अक्काच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. तीच अक्का आठवडाभर मोबाइल वाजला की कोपरा गाठत होती.

नवऱ्याचा हात मोडला तेव्हा पगाराला अवकाश होता, म्हणून तिनं मोबाइलवरून झटपट कर्ज घेतलं. पगार होताच व्याजासकट फेडलं. तरी दंड म्हणून, आकार म्हणून, काही ना काही बाकी निघतच राहिलं. वसुलीवाला आधी ‘मॅडम’ म्हणायचा, मग ‘ए बाई’वर आला, मग आईवरून शिव्यांवर. शेवटी त्यानं तिच्या नणंदेला फोन करून सांगितलं, “तुमची वहिनी चोर आहे.”

“नंबर बदल,” नवरा म्हणाला. “चारचौघांत शोभा होईल.”

“शिव्या तो देणार आणि तोंड मी लपवू?” अक्का उसळली.

दुसऱ्या दिवशी ऐन कामात फोन आला. “आजच्या आज भर, नाहीतर तुझ्या कामावर सगळ्यांना सांगतो.”

“तू कशाला तसदी घेतोस? मीच सांगते!” तिनं मशीन बंद केलं, फोन स्पीकरवर टाकला आणि बायकांना हाक मारली. “मी कर्ज काढलं होतं. फेडलंय. हा मला चोर म्हणतो. हं, बोल रे आता. काल माझ्या आईवरून काय म्हणालास?”

“बघून घेईन तुला!” पलीकडून आवाज आला. मग फोन कट.

तो आवाज ऐकून इस्त्रीवाली पुढं आली. “अक्का, हाच मलाही छळतोय गं. घरी कुणाला सांगितलं नाही.”

सुट्टी होताच दोघी पोलीस चौकीत गेल्या. हवालदार जांभई देत म्हणाला, “आपसात मिटवा ना.” इतक्यात अक्काचा फोन खणखणला. तिनं तो सरळ हवालदाराच्या हातात दिला. “तुम्हीच मिटवा.”

“कोण बोलतंय?” हवालदारानं दरडावलं. पलीकडून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्याचे कान लालबुंद झाले. फोन खाली ठेवून त्यानं कागद ओढला. “हं, बाई, पहिल्यापासून सांगा.”

त्या माणसाचे फोन थांबले. पुढं दुसऱ्याच वसुलीवाल्याचा आला, तो इस्त्रीवालीला. तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि फोन सगळ्यांदेखत उचलला.

“आधी स्वतःचं नाव सांगा,” ती म्हणाली, “मग बोलू.”