पंगतीतून उठलेला पाहुणा

पिपरी मेघेहून सकाळी सातला निघालो तेव्हा माझ्या पोटात काही नव्हतं. प्रवासाला निघताना लोक डबा बांधतात, मी उपाशी निघतो.

कारंज्याला (घाडगे) चाललो होतो. मुलगा आमच्या मुलीला पाहून गेला होता, पसंती झाली होती. आता त्यांचं घर पाहून आम्ही होकार दिला की सोयरीक पक्की. एसटी मला झेपत नाही, कंडक्टरला कितीदा घंटी मारायला लावणार? म्हणून भाड्याची जीप. सोबत बायको आणि मेहुणा.

नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडी पाहून सांगितलं होतं, ‘रिपोर्ट नॉर्मल. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम.’ मरणार नाही पण सुटकाही नाही, असा त्याचा अर्थ मी घरी येता येता लावला.

मेहुण्याच्या आग्रहाने आंजीला थांबलो. तिथे एक म्हातारे वैद्य होते.

“कितीदा जा लागते?”

“सात-आठदा. सहा वर्षं झाली.”

“आतापरेंत काय काय केलं?”

ईसबगोल, बेलाचा मुरंबा, होमिओपॅथीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, गुरुवारचे उपास, सगळं सांगितलं.

“म्हंजे मीच राह्यलो होतो,” वैद्य म्हणाले. कुड्याच्या सालीची पूड बांधून दिली, ताकातून घ्यायची. “अन् उपाशी नोका राहू.”

“तेच तर मी बोंबलून राह्यली,” बायको म्हणाली.

आर्वीच्या पुढे जीप थांबवावी लागली. लोक प्रवासात देवळं पाहतात, मी आडोसा पाहतो. दोन्ही बाजूंना तुरीची वावरं (शेतं) होती. तूर माणसाएवढी वाढते ही निसर्गाची कृपा. बायको रस्त्याकडे तोंड करून पहाऱ्याला उभी राहिली. परत आलो तेव्हा हळूच म्हणाली, “तिथं आजाराचं नाव नका काढू. घराण्यात रोग आहे म्हणतील.”

कारंज्याला हायवेवर ट्रकांची रांग होती. मुलाच्या वडिलांचं कापडाचं दुकान, मागे घर. माणसं भली दिसली. चहा झाला आणि लगेच पानं मांडली. मी काही बोलायच्या आत मेहुणा म्हणाला, “आमच्या भाऊजीले सगळं चालते!”

मला मधल्या पाटावर बसवलं. पाटवडीचा (बेसनाच्या वडीचा) लाल रस्सा, वर सांबार (कोथिंबीर) भुरभुरलेला. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याने पहिला घास घ्यायचा आणि सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. तो मध्येच उठला तर सगळी पंगत उठते. पाहुणा रागावला, असा त्याचा अर्थ.

तिसऱ्या घासाला मी उठलो.

संडास गोठ्याच्या पलीकडे होता. परत आलो तेव्हा पंगतीतली सगळी माणसं हात धुऊन उभी होती. पानं भरलेली. दारातून कोणी म्हातारी म्हणत होती, “रुसला वं पाहुणा!”

मुलाच्या वडिलांनी हात जोडले. “काय चुकलं भाऊ आमचं?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. पण त्या माणसाचे जोडलेले हात मला बघवेनात. मी सांगून टाकलं. सहा वर्षं, सात-आठदा, सगळं.

त्यांनी हात खाली घेतले.

“पोरीले तर नाई ना?”

“नाही हो.”

“डॉक्टरचा तसा कागद आहे काय?”

तसा कागद कुठून असणार?

“बरं,” ते म्हणाले. “कळवतो मंग.”

होकार द्यायला आम्ही गेलो होतो. तो आता त्यांच्याकडे राहिला.

परतताना जीप एकदाही थांबवावी लागली नाही. मेहुणा आर्वीपर्यंत नुसता खिडकीबाहेर पाहत होता, मग झोपला.

मुलगी फाटकातच उभी होती. घर कसं, माणसं कशी, काही विचारलं नाही. “बाबा, त्रास झाला का?”

मी सगळं सांगितलं. तिची आई तोंड फिरवून आत गेली. मुलगी तिथेच उभी राहून ऐकत होती. डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

“बरं झालं सांगितलं. नाईतर लग्नानंतर तुम्ही माझ्याकडे यायचे, अन् दरवेळी उपाशी बसून परत जायचे.”

सहा वर्षं मी माझ्याच पोटाचा विचार करत होतो. हे एकदाही सुचलं नव्हतं.

कारंज्याहून निरोप आला नाही. वैद्यांच्या पुडीने महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता कुठेही गेलो की दारातच आजार सांगून टाकतो. बहुतेक घरांत मग जेवायचा आग्रह होत नाही.