हरणांचा गोग्रास

आमच्या मंडळाचे अध्यक्ष अंड्याचा केक खात नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. दुकानातून ब्रेड आणला तरी चष्मा कपाळावर सरकवून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतात, आत काही निषिद्ध तर नाही ना म्हणून. हाच माणूस एका संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये, भरल्या सभेत, मायक्रोफोनपुढे उभा राहून मागणी करत होता, की आमच्या डोंगरात शिकारी कुत्रे सोडा. मी दुसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होतो.

ही २००७ च्या हिवाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. मंडळ म्हणजे सात घरं. गाव अमेरिकेतलं, नदीकाठचं, सफरचंदांच्या बागांचं, राज्याच्या कोरड्या पूर्व भागातलं. वीज स्वस्त म्हणून तिथे डेटा सेंटरं आली आणि त्यांच्या मागोमाग पुण्या-नागपूरची मंडळी. मी त्यांच्या आधीपासून तिथे होतो, एका विमा कंपनीत दाव्यांची आकडेमोड करत. अध्यक्ष पुण्याचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, डेटा सेंटरमध्ये मॅनेजर. सात घरांना अध्यक्ष कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं होतं. "दादा, स्ट्रक्चर लागतं," हे उत्तर.

माझी आई तेव्हा आमच्याकडे राहत होती आणि अध्यक्षांची आई त्यांच्याकडे. दोघींनाही गाडी चालवता येत नव्हती, दोघींचं इंग्रजी "थँक्यू"पाशी संपत होतं. पण आमच्या आणि त्यांच्या घराच्या मागून बागांच्या कडेने एक पायवाट जायची, सरळ आणि सपाट. सकाळची कामं आटोपली की आई पायात बूट चढवून त्या वाटेने निघायची आणि मावशींकडे जाऊन रमी खेळायची. मावशी म्हणजे अध्यक्षांच्या आई. दोघी एकमेकींवर लबाडीचा आरोप करत, चहा पीत, पुन्हा पत्ते वाटत. आईला त्या देशात दुसरं काहीही नको होतं. टीव्ही नको, मॉल नको, देऊळसुद्धा नको. ती वाट आणि तो डाव, एवढीच तिची अमेरिका.

आता हरणांचं. मावशींना पहिल्यापासून गोग्रास काढायची सवय. जेवणाआधी पानातला पहिला घास गाईसाठी बाजूला. गाय नव्हती. मागच्या अंगणात हरणं यायची, पडलेली सफरचंदं खायला. मावशींनी एक दिवस पोळी टाकली, हरणाने ती खाल्ली, आणि प्रश्न मिटला. एवढ्यावर राहतं तर मी काही बोललो नसतो. पण अध्यक्षांना त्यात पुण्य दिसलं आणि पुण्याला पाठवायला फोटोही. त्यांनी पशुखाद्याच्या दुकानातून मक्याची पोती आणली. मग मिठाची वीट आणली. मग अंगणातला दिवा रात्रभर सुरू ठेवला, हरणं नीट दिसावीत म्हणून. पाहुणे आले की जेवणानंतर बडीशेपेबरोबर हरणं.

मी त्यांना सांगितलं, की हरणं जमतील तिथे हरणं खाणारा येईल. यात कसलंही शास्त्र नाही. उंदीर वाढले की मांजर येतं, हे आपल्याकडे पोरालाही कळतं.

"दादा, तुम्ही विमेवाले," ते हसले. "तुम्हाला लग्नाच्या पंगतीतसुद्धा रिस्क दिसते."

ऑक्टोबर संपता संपता त्यांच्या सफरचंदाच्या झाडाखाली एक मेलेलं हरीण सापडलं. पोट फाडलेलं, आणि वर पालापाचोळा ओढून व्यवस्थित झाकलेलं. शिळं अन्न आपण झाकून ठेवतो तसं. कूगरचं ते काम. कूगर म्हणजे इकडचं मोठं मार्जार, बिबट्याएवढं, पण अंगावर ठिपके नाहीत, वाळल्या गवताच्या रंगाचं. आई त्याला वाघच म्हणायची. अध्यक्ष माउंटन लायन म्हणायचे, कारण त्यात लायन आहे.

वन्यजीव खात्याचा अधिकारी आला, मक्याचं पोतं बघून त्याने डोकं खाजवलं आणि आधी खाऊ घालणं बंद करा म्हणाला. हे वाक्य अध्यक्षांच्या कानावरून गेलं. त्यांनी ऐकलं ते पुढचं. राज्यातल्या मतदारांनी बऱ्याच वर्षांपूर्वी कुत्र्यांनिशी कूगरची शिकार करण्यावर बंदी घातली होती. मतं पडली मोठ्या शहरांत, जिथे कूगर फक्त कॉफीच्या मगावर असतो. मग डोंगराकडच्या लोकांनी ओरड केली, तेव्हा काही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, कुत्र्यांचे परवाने पुन्हा सुरू झाले. कुठल्या भागात किती, हे ठरवताना त्या भागातून आलेल्या तक्रारीही बघत.

झालं. सातही घरांतून फोन गेले, आमच्याकडून बायकोचा. एक मेलेलं हरीण, एक जनावर, आणि तक्रारी सात. त्यातल्या पाच घरांनी ते हरीण बघितलंसुद्धा नव्हतं. एकाने तर पिवळ्या कुत्र्याची तक्रार केली. मी अधिकाऱ्याला फोन करून विचारलं, की ही सात जनावरं धरणार की एक? तो थकलेल्या आवाजात म्हणाला, फोन आला की आम्ही नोंदवतो. म्हणजे ते मोजत होते फोन. ज्या भागात फोन जास्त तिथे कूगर जास्त, हा हिशोब आमच्या कंपनीत कोणी मांडला असता तर त्याला दुपारच्या आत घरी पाठवलं असतं. माझ्या टेबलावर हरणांनी चेपलेल्या गाड्यांचे दावे दर आठवड्याला यायचे. कूगरचा एकही कधी आला नाही. हेही मी सातही घरांना सांगितलं. कोणाला ऐकायचं नव्हतं. हरीण गोड दिसतं.

आणि वाट बंद झाली. अध्यक्षांनी मावशींना बाहेर पडायला मनाई केली, आणि माझ्या बायकोने आईला. बायकोशी मी वाद घातला नाही, कारण ती वाट मक्याच्या पोत्याकडेच जात होती. दोघी फोनवर बोलायच्या.

"काय करतेस?"

"बसलेय. तू?"

"मीपण बसलेय."

"फोनवर पत्ते पिसता आले असते तर."

"तरी तू लबाडीच केली असतीस."

आठवड्याभरात आईने दुपारची झोप सकाळी घ्यायला सुरुवात केली. जेवण निम्म्यावर आलं. वाघाने तिला काही केलं नव्हतं. ती हळूहळू मिटत चालली होती ते आमच्या काळजीने.

अशात परवाने ठरवण्यासाठी वन्यजीव खात्याची ती सभा भरली. एका बाजूला शहरातून तीन तास गाडी चालवत आलेले प्राणिप्रेमी, त्यातल्या एकीच्या मांडीवर कापसाचा कूगर. दुसऱ्या बाजूला शिकारी, जंगलात दिसू नये म्हणून पानापानांचे कपडे घालून जिममधल्या खुर्च्यांवर बसलेले. पहिल्यांनी कूगर कधी पाहिला नव्हता, दुसऱ्यांना तो झाडावर चढलेलाच माहीत. आणि मधे आमचे अध्यक्ष, बंद गळ्याच्या कोटात.

"आमच्या वृद्ध माता," ते इंग्रजीत म्हणाले, "घरात कैद झाल्या आहेत." टाळ्या पडल्या. माता कैद कोणी केल्या आणि मक्याचं पोतं कोणाचं, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही.

माझा नंबर आला तेव्हा मी म्हणालो, आधी त्या भागात हरणांना खाऊ घालणं थांबवा, मग तक्रारी मोजा, आणि एकाच जनावराच्या सात तक्रारी असतील तर एकच मोजा. प्राणिप्रेमींना त्यात प्रेम दिसलं नाही, शिकाऱ्यांना शिकार दिसली नाही. कोणीच टाळी वाजवली नाही. कापसाच्या कूगरने तेवढं माझ्याकडे बघितलं.

बाहेर पार्किंगमध्ये एक कुत्रेवाला अध्यक्षांपाशी आला. सहा शिकारी कुत्रे बाळगणारा, ढेरपोट्या, दाढीत तंबाखू.

"तुम्ही लोक मांस खात नाही म्हणे?"

"नाही, अजिबात नाही," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

"मग तुम्हाला मेलेलं मांजर कशाला हवंय?"

अध्यक्ष मोठ्याने हसले. तो हसत नव्हता हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याला आमच्याविषयी जे वाटलं ते मला स्पष्ट दिसलं, आणि त्याच्याविषयी माझं मत काही चांगलं नसूनही मी त्याला विरोध करू शकलो नाही.

आमच्या भागाला परवाने मिळाले. जानेवारीत बर्फ पडल्यावर कुत्रेवाला आला. मी समजत होतो शिकारी म्हणजे डोंगर चढणारा माणूस. हा गाडीत हीटर लावून डोनट खात बसला. कुत्र्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे, याच्या हातात त्यांचा टिकटिक करणारा डबा. डोंगर कुत्र्यांनी चढला, माग कुत्र्यांनी काढला, कूगरला पाइनच्या झाडावर कुत्र्यांनी चढवलं. भुंकणं एका जागी थांबल्यावर हा उतरला, झाडाखाली गेला आणि वर बंदूक धरली. ते जनावर फांदीवर बसून होतं, जाणार कुठे. याला खेळ म्हणतात आणि त्याचं चित्र असलेली टोपीही विकत मिळते.

दुपारी गाडीच्या मागच्या फळीवर ते घेऊन तो अध्यक्षांच्या दारात आला. अध्यक्षांनी त्याला चहा आणि बाकरवडी दिली. सातही घरं जमली. मी आईला गाडीने घेऊन गेलो, कारण किती दिवसांनी मावशी भेटणार होत्या. दोघी हात धरून फळीपाशी गेल्या.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या.

आईने त्याच्या उघड्या तोंडात बघितलं. दात पांढरेशुभ्र, झिजलेले नाहीत. "हे पोर आहे गं," ती म्हणाली. "याने कसलं एवढं मोठं हरीण पाडलंय."

"काकू, झालं आता. धोका संपला," अध्यक्ष म्हणाले. मी विचारलं, हेच ते कशावरून? ते म्हणाले, "दादा, आता तरी खूश व्हा यार." त्यांच्या मागे, अंगणात, मका पसरलेला होता आणि तीन हरणं तो खात होती.

आईने ते बघितलं. मावशींनीही बघितलं. आणि जे मला सभेत, फोनवर, आकडे मांडून जमलं नव्हतं, ते मावशींनी बाकरवडीची बशी हातात धरून केलं.

"मी त्या वाटेने जाणार नाही," मावशी मुलाला म्हणाल्या. "आणि ही इकडे येणार नाही. हा मका आहे तोवर तू मला रोज गाडीने हिच्याकडे सोडायचंस आणि जेवायच्या वेळेला आणायचंस."

"आई, माझं ऑफिस असतं."

"मग हरणांना सांग सोडायला."

"अगं, गोग्रास तूच सुरू केलास ना?"

"मी एक घास काढत होते. पोती तू आणलीस."

अध्यक्षांनी रोज सकाळी मीटिंग सोडून मावशींना आमच्याकडे आणलं आणि दुपारी पुन्हा येऊन नेलं. दोनदा बर्फात गाडी घसरली. एकदा त्यांच्या साहेबाने विचारलं, की तुम्ही रोज दहाला कुठे जाता? दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मक्याची पोती, मिठाची वीट आणि रात्रीचा दिवा, तिन्ही गेली. वन्यप्राण्यांविषयी त्यांचं मत बदललं असं कोणी समजू नये. त्यांना ड्राइव्ह करायचा कंटाळा आला. मंडळाच्या संक्रांतीला, जी आम्ही फेब्रुवारीत केली, त्यांनी भाषणात कूगरपासून मुक्तीचं श्रेय सामूहिक प्रयत्नांना दिलं.

हरणं हळूहळू पांगली. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर आईने पुन्हा बूट चढवले आणि ती वाटेला लागली. तिची सकाळची झोप आपोआप दुपारी गेली.

एप्रिलमध्ये एकदा मी दुपारी त्यांच्याकडे तिला घ्यायला गेलो. दारात दोघींचे बूट काढलेले होते, चारही बुटांचे तळवे चिखलाने भरलेले. वाट तर कोरडी होती, फक्त कालव्यापाशी थोडा चिखल. तिथे नाचलात की काय, असं मी विचारलं.

"ठसा होता," आई पत्ते लावत म्हणाली. "बशीएवढा. ताजा."

"कसला ठसा?"

"तू काय वकील आहेस? वाघाचा. आम्ही दोघींनी पुसून टाकला."

"हळू बोल," मावशी आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या. तिथे अध्यक्ष फोनवर कोणाला तरी स्ट्रक्चर समजावून सांगत होते. "त्याला कळलं तर सात फोन जातील."

मी हयातभर खरी नोंद करणारा माणूस. तिथे उभा राहून मी ती नोंद केली नाही, आणि कोणाला सांगितलीही नाही. घरी मी आईला गाडीनेच नेणार होतो, पण डाव संपल्यावर तिने बूट चढवले आणि मागच्या दाराने वाटेला लागली. मी गाडी तिथेच ठेवली आणि तिच्या मागून चालत गेलो.