विठाबाईचा पहाटदिवा

भूमच्या अलीकडं आठ-नऊ किलोमीटरवर, रस्त्याला लागूनच विठाबाईची खव्याची भट्टी आहे. तीस वर्षं ती पहाटे चारला पेटत आली आणि तीस वर्षांत विठाबाईला कधी कुणी उठवावं लागलं नाही. तिच्या घरचा कोंबडा तिला विचारून आरवतो, असं गावात म्हणत. साडेचारला वस्त्यांवरून दुधाचे कॅन यायचे, तोवर कढई तापलेली असायची. नवरा महारुद्र सहाला उठायचा, चहा घ्यायचा आणि आठला तयार खवा मोटारसायकलला बांधून भूमला न्यायचा. अशी वाटणी कुणी केली नव्हती. ती पडत गेली होती.

यंदा मात्र तिची झोप जड झाली. वय छप्पन्न. कढईत उलथनं फिरवून फिरवून उजव्या खांद्यात कायमची कळ. निजली की विहिरीत दगड पडावा तशी तळाला जायची. मोबाईलचा गजर ओरडून ओरडून गप्प व्हायचा. चैत्रात दोनदा तिला उठायला साडेपाच झाले. दुसऱ्या वेळी योगीराजचं तासभर ताटकळलेलं वीस लिटर दूध कढईत पडताच फाटलं.

योगीराज शेजारच्या वस्तीवरचा. कॅन विसळता विसळता तो म्हणाला, "काकू, भट्टी गार अन् दूध गरम, आसं उलटं कसं चालायचं?" स्वतःच हसला. मग खाली बघत म्हणाला, "पलीकडचा भट्टीवाला दूध मागतोय. आजून मी न्हाय म्हणलंय."

तो 'आजून' विठाबाईनं नेमका ऐकला. योगीराज गेला, तर त्याच्यामागं बाकीचेही जाणार. दुधाशिवाय भट्टी म्हणजे नुसती काळी भिंत.

लेक अर्पिता पुण्यात नर्स आहे. तिच्या कानावर हे गेलं, तशी ती चार दिवसांची रजा काढून आली. येताना एक टेबलावरचा दिवा आणि एक बोलकी डबी घेऊन आली. केबलवाल्याकडून घरात नेट घेतलं. पावणेचारला दिवा आपोआप मंद लागणार, चारपर्यंत खोलीभर उजेड होणार आणि डबी अर्पिताच्या आवाजात म्हणणार, "आई, ऊठ गं."

"तू काहीच करायचं नाहीस," अर्पिता म्हणाली. "तुला फक्त झोपायचंय."

"तेवढंच तर जमतंय मला सध्या," विठाबाई म्हणाली.

चारही दिवस ती वेळेवर उठली. लेक गेली आणि दुसऱ्याच पहाटे योगीराज कॅनच्या झाकणानं दार वाजवत होता. पाच वाजून गेले होते. दिवा काळा, डबी मुकी. धावपळ करून त्या दिवशीचं दूध कसंबसं वाचलं.

"मोडलं गं तुझं यंत्र," तिनं फोनवर सांगितलं.

अर्पितानं व्हिडिओवर भिंतीवरचा बोर्ड दाखवायला लावला. सगळी बटणं बंद होती.

"आई, ही कुणी बंद केली?"

"मीच की. रोज निजताना करते."

घरात वीज आली तेव्हा सासूनं तिला शिकवलं होतं, रात्री सगळी बटणं बंद करायची, वायरीला बी इसावा लागतो. आता डोळे मिटायला आले तरी हात बोर्डावरून फिरल्याशिवाय तिला झोप येत नसे.

"म्हणजे चार दिवस मी तुझ्यामागून बटणं चालू करत होते, अन् मला वाटायचं तू चुकून बंद करतेस!" अर्पिताला हसू आलं. "वायरीला कसला गं विसावा?"

विठाबाईनं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी महारुद्रनं भूमहून चिकटपट्टी आणली आणि दिव्याची, डबीची, नेटची बटणं चालू ठेवून पक्की चिकटवून टाकली. "आता कर बंद," तो ऐटीत म्हणाला.

पहाटे दिवा लागला. उजेड हळूहळू वाढला. विठाबाई उठून बसली, पण पाय खाली टाकवेना. शेजारी महारुद्रनं गोधडी तोंडावर ओढली आणि आतूनच म्हणाला, "त्यो दिवा जरा तिकडं फिरव की. झोपमोड व्हतीया."

तिनं दिवा फिरवला. भट्टी पेटवली. त्या दिवशीचा खवाही चांगला उतरला.

रात्री मात्र तिनं दिवा आणि डबी उचलून महारुद्रच्या उशाशी ठेवली.

"हे काय?"

"उद्यापासून भट्टी तुम्ही पेटवा. दूध घ्या, कढई चढवा. मी साडेपाचला येते घोटायला."

"मला न्हाय जमायचं."

"दिवा हाय की. तुम्हाला फक्त झोपायचंय."

तो हसला. ती हसते का, ते बघायला थांबला. ती हसली नाही. "भट्टी ऱ्हावी वाटत आसंल तर," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

पावणेचारला दिवा लागला. थोड्या वेळानं डबी बोलली, "आई, ऊठ गं."

"आई न्हाय, बाप उठतोय," महारुद्र करवादला आणि खोकत बाहेर गेला.

काही वेळानं कॅन आदळल्याचा आवाज आला. मग योगीराजचा घाबरा आवाज, "काका, तुमी? घरात समदं बरं हाय न्हवं?"

इतके दिवस न येणारी जाग विठाबाईला त्या पहाटे साडेतीनलाच आली होती. खांदा ठणकत होता. धुराचा वास आला, तेव्हा महारुद्रनं ओली लाकडं घातली हे तिला पडल्या पडल्या कळलं. एकदा तिनं पांघरूण बाजूला केलंही. मग पुन्हा अंगावर घेतलं.

साडेपाचपर्यंत तिचा डोळा लागला नाही. पण ती उठलीही नाही.