बाईंनी नाव घालून दिलेला डबा

आणि दिवाळीचं म्हणाल तर ते मला आजही पटलेलं नाही. बाईंनी त्या वेळी जरा जोर लावला असता तर वर्षाआड का होईना, दिवाळीला पोरगी माझ्या वाट्याला आली असती. हे मी त्यांना दर फोनवर ऐकवतो. बाई सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "संदीप, दिवाळीत तुम्ही असता कुठं, ते आधी सांगा." मी म्हणतो, साइटवर. "झालं तर मग," असं त्या म्हणतात आणि तेवढ्यावर आमचं भांडण थांबतं. पुढच्या फोनला तिथूनच परत सुरू होतं.

आपल्या सगळ्यांच्या बाई, म्हणजे ॲडव्होकेट सुलोचना बनगे, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहा म्हणून समितीचा फोन आला तेव्हा मला वाटलं नंबर चुकला असणार. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. पोकलेन चालवतो, रस्त्यासाठी डोंगर खोदायचं ते मोठं मशीन. एका साइटवर वर्षभर टिकलो तर घरच्यांना नवल वाटतं. गुजरात झालं, छत्तीसगड झालं, सध्या अरुणाचलात आहे. बाईंच्या वकिलीबद्दल त्यांच्या बरोबरीची मंडळी या ग्रंथात लिहितीलच, ते माझं काम नाही. मी फक्त एवढं लिहिणार आहे, की माझी मुलगी स्वरा आज माझ्या घरी पाहुणी म्हणून येत नाही, घरची म्हणून येते, आणि त्यात बाईंचा हात कसा आहे. स्वराची आई मनीषा हिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा. पण माझ्या आईबद्दल वाकडं काही नको." नाही लिहीत.

मनीषा आणि मी वेगळे झालो तेव्हा स्वरा पाच वर्षांची होती. मनीषा तिला घेऊन माहेरी पन्हाळ्याला गेली आणि तिथल्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसू लागली. माझं घर राधानगरीकडं. पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्जावर अर्ज टाकण्यापेक्षा आधी बनगेबाईंपुढं बसा, असं दोघांच्याही वकिलांनी सुचवलं. बाई मध्यस्थ. त्या दोघांना एकदम समोर बसवत नाहीत, आधी प्रत्येकाची वेगळी तयारी करून घेतात, असंही सांगितलं.

तयारी म्हणजे काय ते मला माझ्या पद्धतीनं समजलं. मोबाईलमधली भांडणांची रेकॉर्डिंगं गोळा केली आणि माणसं गोळा केली. आमच्याकडं बैठक म्हटली की गाडी भरून पावणं न्यायची रीत आहे. ज्यांचं भांडण ते दोघं कोपऱ्यात गप बसतात आणि बाकीचे बोलतात.

बाईंचं ऑफिस लक्ष्मीपुरीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. जिन्याच्या कठड्याला हात लावला की पीठ लागतं. आम्ही चौघं वर गेलो. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"यातला मुलीचा बाप कोण?"

"मी."

"आणि हे?"

"हे आमचं तुकामामा. आन् ही दोघं तालमीतली."

"कुस्ती हाय का आज?" बाईंनी विचारलं. तालमीतले दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

तुकामामा पुढं झाले. "बाई, एवढं लांबवायचं कशाला? पोरगीलाच इचारा की, कुणाकडं ऱ्हायचं म्हणून. एका मिंटात मिटतंय."

"मामा," बाई म्हणाल्या, "तुमचा एक डोळा काढायचाय. कुठला काढू, बोला."

मामांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "आम्ही खाली बसतो." तिघं खाली गिरणीच्या बाकड्यावर बसले, बाईंनी पाठवलेला चहा प्याले आणि पिठानं पांढरेफटक होऊन गावाला गेले. पुन्हा कुणी आलं नाही. स्वराला मात्र त्यानंतर आजपर्यंत कुणीही हा प्रश्न विचारलेला नाही. तो विचारायचा नाही, हे बाईंनी मनीषाकडून आणि माझ्याकडून पहिल्याच भेटीत कबूल करून घेतलं होतं.

बाईंची काम करायची एक तऱ्हा आहे, ती त्यांच्याकडं जाऊन आलेल्या सगळ्यांना माहीत असेल. खाली गिरणी चालू असते तोवर वर काय वाटेल ते ओरडायची मुभा. कुणाला ऐकू जात नाही. मी मनीषाबद्दल, तिच्या घरच्यांबद्दल, माझ्या नशिबाबद्दल जे काय होतं ते गिरणीच्या आवाजात ओरडून घेतलं. बाई तोवर कागद चाळत होत्या. गिरणी थांबली की त्या म्हणायच्या, "हं, आता पोरीचं बोला." आणि गंमत अशी, की गिरणी थांबल्यावर माझ्याकडं बोलायला फारसं काही उरायचं नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

मी पाठ करूनच गेलो होतो. "पोरगी माझ्याकडं पाहिजे. ते न्हाई जमलं तर अख्खा मे महिना आन् दिवाळीची सुट्टी."

"मे महिन्यात तुम्ही कुठं असता?"

"साइटवर. मे म्हणजे आमचा सीझन की. पाऊस पडायच्या आत कामं उरकायची असतात."

"मग ती सुट्टी कुणासाठी मागताय?"

"आई हाय की घरात."

"म्हणजे पोरीला तिच्या आईकडून घेऊन तुमच्या आईकडं ठेवायची, आणि बाप दोन्हीकडं न्हाई."

मला राग आला. मी म्हणालो, सगळेच बाप मे आणि दिवाळी मागतात. बाई म्हणाल्या, "सगळ्यांची मशिनं पावसात बंद पडत न्हाईत. तुमचं पडतं ना?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जून लागला की मातीकाम थांबतं, आम्ही ऑपरेटर लोक घरी येतो आणि गणपती होईपर्यंत रिकामे असतो. त्या दिवसांत शाळा चालू असते, तरी तो काळ मागता येतो हेच मला ठाऊक नव्हतं. सुट्टी मागायची म्हणजे शाळेची मागायची, एवढंच मी बघितलं होतं. बाईंनी माझी सुट्टी बघितली. जून ते सप्टेंबर दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की स्वराला आणायचं, रविवारी संध्याकाळी सोडायचं, आणि गौरी-गणपती माझ्याकडं. वर आणखी एक ओळ त्यांनीच सुचवली. पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीजवळ पुराचं पाणी आलं तर ते दोन दिवस पुढं भरून घ्यायचे, आणि पाणी आलं म्हणून कुणी कुणाला बोल लावायचा नाही. पहिल्याच वर्षी पाणी आलं. आमच्या दोघांत त्यावरून शब्दसुद्धा झाला नाही. एरवी नळाचं पाणी भरण्यावरूनसुद्धा भांडण झालं नाही असं आमच्या संसारात कधी घडलं नव्हतं.

शेवटच्या तयारीला बाईंनी माझ्या हातात एक दप्तर दिलं. रिकामंच होतं. "मी मनीषा," त्या म्हणाल्या. "रविवारची संध्याकाळ आहे. पोरीला परत द्यायला आलाय. द्या."

मी दप्तर टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "घ्या."

"असं भाजी टाकल्यासारखं? पुन्हा."

चार-पाच वेळा करून घेतलं. आणायचं सगळ्यांना येतं, म्हणाल्या, परत द्यायचं शिकून यायला लागतं. दारात बापाचा चेहरा पडला तर पोरगी पुढच्या शनिवारी यायला घाबरेल. जमेल तसं मी शिकलो. नंतर कळलं, मनीषाकडूनही तेच करून घेतलं होतं, फक्त शनिवारचं.

मग आम्ही दोघं समोरासमोर बसलो. सगळं मान्य झालं, वकील कागद आवरायला लागले. तेवढ्यात बाईंनी कपाटातून एक कडीचा स्टीलचा डबा काढला. झाकणावर नाव घातलं होतं. भांड्यावर आपल्याकडं घालतात तसं कुणाकडून कुणाला असं नाही, आडनाव नाही, बापाचं नाव नाही. नुसतं 'स्वरा'.

"शेवटचं कलम लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "मुलगी या घरातून त्या घरात जाईल तेव्हा हा डबा बरोबर जाईल. रिकामा जाणार नाही."

माझे वकील हसले. "बाई, हे कोर्टापुढं ठेवायचं?"

"ठेवायचं."

दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्यातल्या प्रत्येक घरात पाळतात. ते कागदावर कशाला, असं मीही विचारलं. गिरणी थांबलेली होती. बाई म्हणाल्या, "आमच्या लहानपणी गावात आमच्या घरचा डबा कुणी घेत नव्हतं. माझी आई सणाला भरून ठेवायची आणि आम्हीच खायचो. डबा जाणं-येणं म्हणजे काय, ते मला विचारा." मनीषानं डबा उचलून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

पहिल्या शनिवारी स्वरा आली. डब्यात मनीषाच्या आईनं थालीपीठं दिली होती. पोरगी मात्र अंग चोरून बसायची, पाणी पाहिजे तरी विचारायची, "घेऊ का?" रविवारी निघताना माझ्या आईला म्हटलं, डबा भर. आई म्हणाली, "माझी नात माझ्या दारातनं नेली, आन् वर त्यास्नी डबा द्यू व्हय?" तरी थोड्या वेळानं तिनं डबा आणून दिला. मी तो हँडलला अडकवला आणि गाडी मारली.

रंकाळ्यापाशी सिग्नलला थांबलो तर मागं बसलेली स्वरा डबा हलवत होती. "पप्पा, ह्यात कायबी न्हाई. आज्जी इसरली."

आई विसरली नव्हती. धुऊन, पुसून, झाकण घट्ट लावून दिला होता. दुकानातून काहीतरी घेऊन घालता आलं असतं, पण मला काय सुचेना. मी बाईंना फोन लावला. रविवार होता, तरी त्या म्हणाल्या, "गिरणीपाशी या."

बाई खाली येऊन उभ्या होत्या. गिरणीवाल्याकडून नुकतं दळलेलं नाचणीचं पीठ घेतलं, ते कोमट होतं. डबा काठोकाठ भरला, वर हातानं सारखं केलं आणि स्वराला म्हणाल्या, "जड आहे. दोन्ही हातांनी धर." मला एवढंच म्हणाल्या, "आईंना काही बोलू नका."

मी नाही बोललो. पुढच्या शनिवारी डबा परत आला, त्यात त्याच पिठाच्या भाकरी आणि पन्हाळ्याचं पिठलं. आईनं झाकण उघडलं, वास घेतला. "ही नाचणी कुणाची?" मी म्हटलं, तुझ्या घरातनं गेलेलीच. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला काय कळायचं ते कळलं. रविवारी सकाळी उठून बघतो तर ती लाडू वळत बसलेली. म्हणाली, "भरून आलेला डबा रिकामा कसा पाठवू? लोक काय म्हणतील?" आणि स्वराला हाक मारली, "ये गं, हात धू आन् ये." स्वरानं त्या दिवशी पहिल्यांदा न विचारता तोंडात लाडू टाकला.

त्यानंतर डबा कधी थांबला नाही. गेल्या गौरीला आईनं बाईंसाठी वेगळा डबा भरून माझ्याबरोबर पाठवला. बाईंनी झाकण उघडलं आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग त्यातलं काढून घेतलं, आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात केलेली खीर त्यात घालून डबा परत दिला. आईनं शेजारणीला बोलावलं आणि दोघींनी ती मिळून खाल्ली.

बाईंच्या मायेच्या अशा गोष्टी आणखी सांगता येतील, पण इथं रेंज चांगली नाही आणि मशीन उभं करून लिहिलं की सुपरवायझर येतो. एक तेवढी सांगतो. ऑक्टोबरमध्ये मी इकडं निघालो तेव्हा स्वरा म्हणाली, "पप्पा, आता तुमचं पण लांबचं घर हाय. डबा तुम्ही न्या." आता ती नऊ वर्षांची आहे. स्वतः चिवडा भरून दिला. तो डबा माझ्या केबिनमध्ये सीटच्या मागं आहे. चिवडा दुसऱ्याच आठवड्यात संपला. जूनच्या आत त्यात इथलं काय भरून न्यायचं याचा मी रोज विचार करतो, कारण रिकामा नेला तर ती कागद काढून दाखवेल.

आमच्या कागदात शेवटून दुसरं कलम असं आहे, की स्वरा बारा वर्षांची झाली की दोघांनी पुन्हा बाईंपुढं बसायचं आणि सगळं नव्यानं बघायचं. दिवाळीचा विषय मी तेव्हा काढणार आहे. तोवर एका जागी टिकायला शिकेन, असं बाईंना सांगून ठेवलंय, त्या हसल्या. त्या दिवशी खाली गिरणी चालू पाहिजे आणि वर खुर्चीत बाईच पाहिजेत, दुसरं कुणी चालणार नाही. म्हणून त्यांनी गुडघ्यांची औषधं वेळेवर घ्यावीत, जिना हळू चढावा, आणि माझ्यासारख्यांची कटकट ऐकायला पुढची पुष्कळ वर्षं ठणठणीत असावं, ही मनापासून इच्छा.

समितीनं विचारलं होतं की बाईंना भेट काय द्यावी. त्यांना शाल-श्रीफळ नको असणार. कपाटातले डबे संपत आलेत, असं त्या मागच्या फोनवर बोलता बोलता म्हणाल्या होत्या. भांड्याच्या दुकानात सांगून ठेवा, नावं नंतर पोरं येतील तशी घालता येतील. त्यासाठी माझ्याकडून सात हजार रुपये पाठवतोय.