रोलर पेटवणारी बाई

माझी बायको देवाघरी जायच्या आदल्या सांजी ही अन् मी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. फोडायच्या मी, खायच्या तिनं. म्हणाली, "ते रोलरचं लिहून काढा. पण डोकं माझं व्हतं, हे बी लिहा."

लिहितो.

हसनाबादकडच्या रस्त्यावर मी वाफेचा रोडरोलर चालवायचो. डिझेल इंजिनात जाळ आतच होतो. वाफेच्या इंजिनात तो बाहेर. कोळसा बॉयलरखाली जळतो, पाणी उकळतं, वाफ पिस्टनला ढकलते. थंड इंजिनाला वाफ धरायला दोन तास लागतात. म्हणून पहाटे जाळ घालायला हिचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर होतं.

नवा ज्युनिअर इंजिनिअर आला. म्हणाला, "उद्या थंड इंजिन माझ्यासमोर पेटवायचं. अर्ध्या तासात हललं नाही तर भंगारात. मग तू गोडाऊनवर चौकीदार."

अन् ही घरी. मी डोकं धरून बसलो.

ही म्हणाली, "चुलीतला विस्तव राखेत झाकला की सकाळपस्तोर जित्ता राहतो. तुमची चूल जरा मोठी, येवढंच."

सांजच्याला निखाऱ्यांवर राख लोटली, चिमणीवर घमेलं पालथं घातलं. पहाटे घमेलं काढलं, वाफ सोडून दाबाचा काटा शून्यावर आणला. पाणी मात्र उकळीला टेकलेलं. साहेबाचा शर्ट इस्त्रीचा. त्यानं लांबूनच राख पाहिली, चाकाला एक बोट लावलं. चाक थंड. हिनं त्याच्यासमोर काडी लावली. अर्धा तास व्हायच्या आत रोलर खडीवर.

साहेब खूश. "इंजिन राहू द्या. अन् इतकं जल्दी पेटतं, तर पहाटेची बाई कशाला? नाव कमी करा."

ही माझ्या कानाशी म्हणाली, "लईच हुशार निघालो न्हाई का आपण."

लबाडी गरजेपुरती करावी. आमची जास्त झाली.

त्या सांजी मी सगळा विस्तव ओढून टाकला, बॉयलर गार होऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मजूर कामावर आल्यावर काडी लावली अन् चाकाला टेकून बिडी ओढत राहिलो. खडी पसरलेली, मजूर बसलेले. ही बाभळीखाली पाय पसरून बसली होती. साहेब जीपमधून उतरला.

"काल तर अर्ध्या तासात झालं होतं?"

"काल बाई होती, साहेब."

त्यानं बाभळीकडं पाहिलं, मग मस्टर मागवलं. मी दुसरी बिडी पेटवली.