आधी वेल्श

तेगवेनमावशीला खोटं रडता येत नसे. मी तिच्याच गावातली मेकअपवाली, माझ्या पेटीत डोळ्यांत घालायचे थेंब असतात, भलेभले नट ते मागून घेतात. मावशीनं कधी घेतले नाहीत. ती खरंच रडायची, पण एकदाच.

आमची कंपनी म्हणजे योरवर्थ, मूठभर माणसं, दोन भाड्याच्या व्हॅन आणि मावशीचं स्वयंपाकघर. योरवर्थ तिच्या बहिणीचा मुलगा. नवरा गेल्यावर मावशी शेतघरात एकटी, म्हणून त्यानं मालिका तिथंच थाटली. आणि चॅपलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, नाटकांत तिनं उभा जन्म आईच्याच भूमिका केल्या होत्या, म्हणून आईचं कामही तिच्याच गळ्यात घातलं. प्रत्येक प्रसंग दोनदा व्हायचा. एकदा आमच्यासाठी, वेल्समधल्या लोकांसाठी, आमच्या वेल्श भाषेत, मग बाहेर विकायला इंग्रजीत. आधी वेल्श, एवढी एकच अट तिनं किल्ली देताना घातली होती.

नोव्हेंबरात मालिकेतल्या आईला मुलगा बुडाल्याची बातमी येते तो प्रसंग होता. मालिका विकत घेणारी दोन माणसं लंडनहून बघायला आली होती.

"मावशी, आज आधी इंग्रजी करू या," योरवर्थ म्हणाला.

"का?"

"पाहुण्यांना निघायचंय. उजेडही चाललाय."

"मग वेल्शला अंधार चालतो?"

"अगं, दिवे लावू की!"

"ते लावतोयसच. आईला कळवू का तुझ्या?"

कुणी हसलं नाही. इंग्रजीत ती सगळं बोलली, शब्द चुकली नाही, पण डोळे ठणठणीत कोरडे. चारदा घेतलं, चारही वेळा तसंच. पाहुणे तोंड वाकडं करून गेले. मी थेंबांची बाटली पुढे केली, ती तिनं बाजूला सारली.

मग दिवे लावून वेल्श घेतलं. दारात पोलीस उभा राहिला. मावशी हातात फडकं धरून, एक शब्द न बोलता रडली. नवऱ्याची बातमी आली तेव्हाही ती त्याच दारात अशीच उभी होती. शेजारी मीच होते.

"हेच इंग्रजीत, मावशी!" योरवर्थ म्हणाला.

"संपलं. मला बटाटे सोलायचेत."

मार्चमध्ये टीव्हीवर इंग्रजी मालिका लागली तेव्हा मी तिच्याकडेच जेवायला होते. पोलीस इंग्रजीत बोलला, त्याच्यामागे अजून दिवसाचा उजेड. पुढच्या क्षणी मावशीचा चेहरा, दिव्यातला, खिडकीत काळोख. वेल्शमधलं तिचं रडणं उचलून इंग्रजीत चिकटवलं होतं.

तिनं रश्श्याखालचा गॅस बंद केला आणि फोन लावला. योरवर्थचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगं, रडण्याला कुठली भाषा असते, मावशी?"

"माझ्या रडण्याला होती. मला विचारलंस?"

"वेळच नव्हता. लोक किती कौतुक करतायत, माहितीये?"

"माझ्या स्वयंपाकघराची किल्ली आणून दे."

"सोमवारी पुढचं शूटिंग आहे गं!"

"आईच्या घरी कर. तिलाच रडव."

दुसऱ्या दिवशी त्यानं किल्ली आणून दिली. मावशीनं तरीही कुलूप बदललं.