थोमा परीक्षेत नाही

आमच्या भिलाईच्या मराठी मंडळीचे किस्से साठतात ते चर्चच्या दारात, चपला घालताना. आत कोणी तोंड उघडत नाही. आशीर्वाद झाला, बाहेर आलो, एक पाय चपलेत गेला की लोकांना खरं बोलायला सुचतं! मंडळी म्हणजे आम्ही वीसेक ख्रिस्ती घरं, बहुतेक नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आलेली. इतकी वर्षं हे दारातलं बोलणं ऐकून मी हसत होतो. आता राग येतो. तर ऐकाच.

*

माझी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या गॅस सेफ्टीत गेली. तिथला गॅस दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस उभ्या जागी पडतो. माझ्या पहिल्या फोरमनचा नियम होता : पाइपलाइनवर चढण्याआधी प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारायचाच. व्हॉल्व्ह बंद केला का? कोणी केला? तू स्वतः पाहिलं का?

एकदा एक नवा गडी छाती फुगवून म्हणाला, "साहेब, मले कायले विचारायला लावता? माझा तुमच्यावर पूरा भरोसा आहे!"

फोरमनने त्याला शिडीवरून खाली उतरवलं. "भरोसा आहे म्हणूनच विचार ना बे! ज्याच्यावर भरोसा नाही, त्याले कोण विचारते?"

*

माझी मुलगी रूथ सोळा वर्षांची. यंदा ती कन्फर्मेशनच्या क्लासला बसली. कन्फर्मेशन झालं की पोरं मोठ्यांबरोबर प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढे जातात. रूथला ते मनापासून हवं होतं. तिची आई सुमती वेदीच्या कठड्याशी डाव्या टोकाला गुडघे टेकायची. गेल्या वर्षी सुमती गेली. रूथला त्या जागेवर टेकायचं होतं, बाकी काही नाही.

क्लास घ्यायचे सॉलोमनभाऊ. रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पाळकांच्या, आमच्या पाद्रीसाहेबांच्या, खालोखाल त्यांचा शब्द. वहीतली प्रश्नोत्तरं पाठ करायची आणि उभं राहून म्हणायची, एवढाच क्लास.

रूथने विचारलं, "काका, येशू मरणातून उठला तेव्हा त्याचा शिष्य थोमा म्हणाला ना, जखमा पाहिल्याशिवाय मी मानत नाही. येशूने त्याले हाकललं नाही, हात पुढे केला. मग तुम्ही आमाले कावून चूप बसवता?"

भाऊंनी वही पुढून मागून चाळली.

"थोमा परीक्षेत नाही!"

*

सुपेला बाजारात आमच्या मंडळीतल्या प्रकाशचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याला शुगर. सॉलोमनभाऊंनी त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि वर सांगितलं, "आता गोळ्या घेशील तर देवावर शंका घेतली असं होईल!" प्रकाश भोळा. त्याने गोळ्या बंद केल्या.

काही रविवारांनी भाऊंनी त्याला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने कसं बरं केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं केलं. "मी गोळ्या सोडल्या आणि प्रभूने मले..." एवढं बोलून प्रकाश हार्मोनियमवर कोसळला! अख्खी मंडळी 'आमेन' म्हणायला तोंड उघडून बसलेली!

ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. भाऊ डॉक्टरांसमोर जाऊन उभे. "डॉक्टरसाहेब, किती वर्षं झाली तुमाले प्रॅक्टिस करून? सुई कोणती देऊन राहिले? कावून देऊन राहिले?"

देवाला एक प्रश्न चालत नाही, आणि डॉक्टरची पूर्ण मुलाखत! प्रकाश वाचला, गोळ्या सुरू झाल्या. त्या साक्षीचं मात्र पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

*

सुमतीच्या वेळचा किस्सा हसण्यासारखा नाही. तिच्या कॅन्सरसाठी सगळ्या मंडळीने उपास केले, प्रार्थना केल्या. तिला माती देऊन झाली, आणि सॉलोमनभाऊ रूथच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, आपला विश्वास कमी पडला."

पोरीला! आईला पुरल्या पुरल्या! मी त्यांची कॉलर धरली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांची स्वतःची बायको, मनोरमावहिनी, अशाच दुखण्याने गेल्या. तिथेही भाऊ सगळ्यांदेखत हेच वाक्य बोलले होते. डोळ्यांत टिपूस नाही, वरून गाणंही त्यांनीच धरलं. हा माणूस दगड आहे, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

*

चर्चच्या कमिटीत मीही आहे. मी कमिटीपुढे प्लांटची पद्धत मांडली. प्लांटच्या गेटवर एक पेटी असायची. थोडक्यात टळलेला अपघात, मनातली शंका, असेल ते लिहून टाका. नाव नाही, सही नाही, आणि कोणी लिहिलं ते शोधायचं नाही. त्या पेटीने माणसं वाचवली आहेत. कमिटी हो म्हणाली. हथखोजच्या कारखान्यातल्या एका दोस्ताकडून मी पत्र्याची पेटी करून आणली आणि चपलांच्या रॅकवर ठेवली.

पहिल्यांदा उघडली तेव्हा चार चिठ्ठ्या निघाल्या. दोन चिठ्ठ्यांत एकच प्रश्न : "उपदेश अर्ध्या तासात संपेल का?" तिसरी पंख्याबद्दल. चौथीत होतं : "प्रार्थना करूनही माणूस जातो, तर विश्वास कोणाचा कमी पडला? जाणाऱ्याचा की उरणाऱ्याचा?"

पाळकसाहेब लाल झाले. "हे रूथचंच काम!"

मी म्हटलं, "साहेब, नाव शोधायचं नाही असा नियम ठरला होता."

"नियम पेटीचा आहे, पापाचा नाही!"

"फाडून टाका ना ते," सॉलोमनभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले. "विषय बंद करा."

पाळकसाहेब ऐकेनात. पोरीने माफी मागावी, नाहीतर कन्फर्मेशन नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा रूथ म्हणाली, "मी लिहिलं असतं तर खाली नाव टाकलं असतं, बाबा. आणि प्रश्न बरोबर आहे."

*

पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. पाच माणसं आणि समोर एकटी रूथ.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "हेच वाक्य या कागदावर लिही. अक्षर जुळवू."

रूथने लिहिलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद उजेडात धरले, परत चष्मा पुसला.

"नाही जुळत," ते पुटपुटले.

"मग आता सगळे लिहा," रूथ म्हणाली. "एकेक करून. मैंने लिखा ना? अब आप लोग."

नाही कोण म्हणणार? पाळकसाहेबांनी लिहिलं. मी लिहिलं. बाकी दोघांनी लिहिलं. कागद सॉलोमनभाऊंपुढे आला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. चिठ्ठीतलं वाक्य ओठांतल्या ओठांत वाचलं. मग टोपण परत लावलं.

"पोरीचं नाव कन्फर्मेशनच्या यादीत टाका," असं म्हणून ते उठले, आणि चपला न घालताच पायऱ्या उतरून गेले.